वाटी परत द्यायची राहिली

मंदानं दह्याची वाटी ताटातून उचलली आणि मिठाच्या बरणीपलीकडे सरकवली. अंगावर पडलेला परका हात बाईनं काढून ठेवावा, तशी.

चुली जाऊन किती वर्षं लोटली, पण आक्काताई मगदूम शेगडीपुढं बसायच्या त्या चुलीपुढं बसल्यासारख्याच, ऐटीत. भाकरी थापता थापता त्यांनी तिरक्या डोळ्यानं वाटी सरकलेली पाहिली.

"आंबट झालंय?"

"नाही."

"माशी पडली?"

"नाही, आत्या." या भागात सुना सासूला आत्याच म्हणतात. "मी दही सोडलंय. वीस दिवस."

"वीस दिवसांनी काय, उद्यापन?"

एरवी मंदा हसली असती. सासूच्या जिभेला हसायला शिकलेली त्या घरात ती एकटीच. आज हसली नाही. म्हणाली, "वीस दिवसांत ते अंगातून उतरतं म्हणे. मग बघायचं, मी कोण उरते ते."

आक्काताईंची त्या दिवशीची भाकरी फुगली नाही.

मिरजेतल्या मोठ्या दवाखान्याच्या मागच्या फाटकासमोर त्यांची खानावळ होती. खाली खानावळ, वर घर. गिऱ्हाईक म्हणजे पेशंटची माणसं. जतची, अथणीची, विजापूरची, सांगोल्याची. रात्रभर दवाखान्याच्या फरशीवर पडून आलेली, चार दिवस अंघोळ न केलेली, डॉक्टर काय बोलला ते न कळलेली. अशा माणसांशी कुणीही मऊ बोललं असतं. आक्काताई नाही बोलायच्या. "मढ्याला बसल्यागत काय बसलाईस? तुझा बाप आत जगायचा हाय, तू हितं मरू नको. खा." रडणाऱ्याला त्या रडू द्यायच्या नाहीत आणि उपाशी उठू द्यायच्या नाहीत. ताटात शेवटी दही, न मागता. दुसरी वाटी मागितली तर शिवी आणि वाटी दोन्ही मिळायचं.

स्वतः मात्र चाळीस वर्षं दही तोंडाला लावलं नव्हतं. दमा होता.

तीन वर्षांपूर्वी एक बारकी, चष्मेवाली बाई जेवायला येऊन बसली. जेवण कमी आणि बघणं जास्त. आक्काताईंनी दोन दिवस सोसलं. तिसऱ्या दिवशी विचारलं, "कोण गं तू? माझ्या मीठ-मिरचीवर पाळत ठिवतीस?"

ती डॉ. जुईली सबनीस. पुण्याच्या एका संशोधन संस्थेत पोटातल्या जंतूंवर काम करणारी. तिला इथं आणलं होतं रक्तपेढीच्या आकड्यांनी. दवाखान्यात माणसं आपल्या पेशंटसाठी रक्त देतात, तेही मान खाली घालून, नाइलाजानं. परक्या पेशंटसाठी कोण देतो? पण या दवाखान्यात देत होते. ज्याचं नाव ठाऊक नाही, गाव ठाऊक नाही, अशासाठी बाही वर करून रांगेत उभे राहत होते. आणि देणाऱ्यांची यादी काढली तर त्यांतले बहुतेक आक्काताईंकडं जेवणारे निघाले.

जुईलीबाईंनी भांड्यातलं पाणी तपासलं, पीठ तपासलं, आमटी तपासली. शेवटी दही.

"आक्का, तुमच्या दह्यात एक जंतू आहे. दह्यात असतात तसलाच, पण याची एक खोड वेगळी आहे."

"माझ्या दह्यात किडं हाईत म्हणतीस?"

"किडे नाहीत हो. बघा, समोरच्याला ठेच लागली की आपलंही अंग क्षणभर आक्रसतं. खरं ना? सगळ्यांचंच आक्रसतं, अगदी खुन्याचंसुद्धा. पण पुढच्याच क्षणी मेंदू दार लावून घेतो. म्हणतो, हे दुखणं माझं नाही. तुमचा हा जंतू आतड्यात बसून एक रस सोडतो. आतड्यापासून मेंदूपर्यंत एक जाड नस जाते, त्या नसेवरून निरोप वर पोचतो, आणि ते दार लावायला मेंदूला थोडा उशीर होतो. बस, एवढंच. पण तेवढ्या उशिरात माणसाचा हात पुढं झालेला असतो."

"आणि जंतू मेला की?"

"वीस दिवस पोटात नवीन दही गेलं नाही, तर तो टिकत नाही. दार पुन्हा पूर्वीसारखं लागतं."

आक्काताईंना सगळं कळलं नाही, पण दार कळलं. त्यांनी आयुष्यभर दारं लागताना पाहिली होती.

मग कॅमेरा लावून जुईलीबाईंनी विचारलं, "हे विरजण मूळ कुणाचं?"

आक्काताई एका दमात म्हणाल्या, "माझ्या आईचं. माहेरचं, कवठ्याचं. तीन पिढ्यांचं."

ते एवढं सरळ आलं, की त्यांना स्वतःलासुद्धा ते क्षणभर खरं वाटलं.

वर्षाच्या आत एका कंपनीनं ते विरजण वाळवून पुडीत भरलं. पुडीवर आक्काताईंचा फोटो, डोक्यावर पदर, कपाळावर कुंकू, आणि खाली लिहिलेलं : माहेरचं विरजण. फोटो काढणारा म्हणाला, आजी, जरा हसा. आक्काताई म्हणाल्या, मी काय दात विकायला बसलीय? तरीही फोटोत ओठ जरासे हललेले होते.

पहिलं वर्ष सोन्यासारखं गेलं. शाळेच्या खिचडीबरोबर दही, पोलीस चौकीत ताक, एस.टी.च्या स्टँडवर थंडगार मठ्ठा. बस आता यंत्रच चालवायचं, ड्रायव्हर राहिला नव्हता, पण बसमधल्या माणसांना एकमेकांची तोंडं दिसायला लागली होती. दवाखान्यात चादरी एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर जायला लागल्या. कोर्टात भाऊ-भाऊ मधल्या सुट्टीत एका डब्यातलं खाताना दिसले. पेपरात रोज आक्काताईंचं नाव.

मग माणसं हुशार झाली. बसमध्ये कुणी जागा दिली तर बसणारा आभार मानेना. शेजाऱ्याकडं बघून म्हणे, "खाऊन आलेला दिसतोय." कचेरीतला कारकून अर्ज बाजूला टाकून म्हणायचा, "आज माझं दही झालेलं नाही, परवा या." पोरी बघायला येणारे पत्रिकेच्या आधी पोटाचा रिपोर्ट मागू लागले. सून दही खाल्लेली हवी, आणि आपल्या मुलाला ताक वर्ज्य. चांगलं वागणाऱ्याची कुणाला किंमत राहिली नाही, कारण त्यात त्याचं काय होतं? आणि वाईट वागणाऱ्याला बोलायची सोय राहिली नाही, कारण बिचाऱ्याला मिळालंच नव्हतं.

आक्काताई हे सगळं ऐकून खदाखदा हसायच्या. लोकांच्या घरात चाललं होतं तोवर हसायलाच येतं.

मंदा त्या घरात येऊन चौदा वर्षं झाली होती. त्यातली तीन नवऱ्याबरोबर. अकरा वर्षांमागं नवऱ्यानं, विलासनं, नागपूरला बदली घेतली आणि तिथंच दुसरा संसार मांडला. मंदाचा भाऊ तिला न्यायला आला होता, रिक्षा दारात थांबवून. मंदा म्हणाली होती, "आत्यांचे गुडघे कोण बघेल?" आणि आतून आक्काताई ओरडल्या होत्या, "बघ म्हणून कुणी सांगितलंय? पाय हाईत ते मोडतीलच." रिक्षा रिकामी परत गेली. त्या दिवशी दुपारी आक्काताईंनी जास्तीची एक भाकरी तिच्या ताटात टाकली. चौदा वर्षांत त्या मंदाला एक चांगला शब्द बोलल्या नव्हत्या; मनात असायचा, पण ओठाशी येईपर्यंत त्याला काटे फुटायचे.

आता मंदा म्हणाली, "आई विचारायची, भाऊ विचारायचा, का राहिलीस गं तिथं? माझी शाळेतली मैत्रीण इंदू, कोल्हापुरात मुलींचं वसतिगृह चालवते, ती वर्षाला चारदा फोन करते, ये, माझं स्वयंपाकघर सांभाळ. मला कुणालाच उत्तर देता यायचं नाही. आता कळलं. चौदा वर्षं, दोन्ही वेळा, वाटीभर."

"रिपोर्ट काढ की मग. पोटाचा."

"कशाला? त्यात काय निघणार ते ठाऊक आहे. तुम्ही दही खात नाही म्हणून तुम्ही अशा, मी खाते म्हणून मी अशी. उतरू दे. उतरल्यावरही इथं राहावंसं वाटलं तर राहीन. नाही वाटलं तर इंदूकडे जाईन."

असं सरळ सांगितलं तिनं. आदळआपट नाही, डोळ्यात पाणी नाही. आक्काताईंना भांडण कळत होतं; हे कळेना.

आणि त्यांना एक गोष्ट ठाऊक होती, जी मंदाला ठाऊक नव्हती.

घरात दही लावायचं काम आक्काताई कुणाला करू द्यायच्या नाहीत. रोज संध्याकाळी स्वतःच्या हातानं दोन गाडगी लावायच्या. मोठं खानावळीचं, लहान घरचं. बघणाऱ्याला वाटे, दही एकच, मापं दोन. पण विरजणं दोन होती.

एकोणीस वर्षांपूर्वी, मंदा त्या घरात यायच्या आधी, शहरात तीन दिवस बंद होता. कशावरून ते आता कुणाला आठवतही नसेल. दूध आलं होतं, पण दह्याचं गाडगं तडकून सगळं जमिनीवर गेलं होतं. खानावळीत चाळीस पानं, आणि विरजणाला चमचाभर दही नाही. आक्काताई दारात उभ्या राहून गाडग्याच्या कुंभाराला शिव्या घालत होत्या. पायरीवर एक बाई बसली होती. नवरा आत, पोटाचं ऑपरेशन झालेला. तिनं ओचा सोडला, फडक्यात बांधलेली स्टीलची वाटी काढली.

"घ्या की, बाई. घरचं हाय. माज्या माणसासाठी आणल्यालं, पन आज त्याला गिळवंना."

"उद्या गिळवलं तर त्याला काय देशील?"

"उद्याचं उद्या. एवढी मानसं कोरडं खायाची."

आक्काताईंनी हात पुढं केला, आणि वाटी हातात यायच्या आत तोंडातून प्रश्न निघालाच. "कुठल्या गं तुम्ही?" या प्रश्नाला गावाचं नाव हे उत्तर नसतं, हे विचारणाऱ्यालाही ठाऊक असतं आणि सांगणाऱ्यालाही.

"आमी मादर, बाई. जतकडचं."

गावकुसाबाहेरची जात. हात जागच्या जागी थांबला. किती थांबला? जुईलीबाई म्हणतात तेवढाच असेल, दार लावायला लागतो तेवढा. मग त्यांनी वाटी घेतली, वरून, बोटांना बोट लागू न देता. मनात म्हणाल्या, गिऱ्हाइकाला चालतंय.

दही असं लागलं, की सुरीनं कापावं. बंद उठल्यावर कवठ्याहून आईचं विरजण आणवलं, ते लहान गाडग्यात लावलं, घरासाठी आणि देवासाठी. मोठ्या गाडग्यात त्या बाईचंच चालू राहिलं. चांगलं दही कोण टाकतो?

वाटी त्यांनी घासली आणि साखर भरून फळीवर ठेवली. रिकामी परत द्यायची नाही, एवढं तर कुणीही पाळतं. तिसऱ्या दिवशी बाईचा नवरा गेला. शववाहिका फाटकातून निघाली तेव्हा आक्काताई पंगतीला वाढत होत्या. वाढून हात धुतले, तोवर गाडी पुलापलीकडं गेली होती. साखर चहात गेली. वाटी राहिली. तिच्या काठावर यंत्रानं टोचून नाव घातलेलं होतं, लग्नातल्या भांड्यावर घालतात तसं : काशव्वा मादर.

ती वाटी आजही कपाटात, रेशमी साडीच्या घडीखाली होती. फेकवली नव्हती आणि वापरवली नव्हती.

चौथ्या दिवशी मंदानं आक्काताईंच्या गुडघ्याला तेल लावलं नाही. बाटली आणून उशाशी ठेवली आणि म्हणाली, "हात पोचतो तुमचा."

नवव्या दिवशी एका गिऱ्हाइकानं आमटी गार आहे म्हणून तक्रार केली, तर मंदा म्हणाली, "मग दवाखान्यात जाऊन तापवून आणा, तिथं सगळ्यांनाच ताप आहे." आक्काताई आतून ऐकत होत्या. वाक्य त्यांच्याच तोंडचं वाटावं असं होतं. क्षणभर त्यांना कौतुकच वाटलं, पण क्षणभरच. कारण त्यांच्या शिवीमागून वाटी यायची, मंदाच्या शिवीमागून काहीच आलं नाही.

बाराव्या दिवशी आक्काताई म्हणाल्या, "काय गं, सारवायचं राहिलंय का हात झडलेत?" हे त्या चौदा वर्षं म्हणत होत्या, फरशीला सारवण कसलं, ही त्या घरातली जुनी चेष्टा होती. मंदा वळली. "तुमच्या मुलाला म्हणा. नाहीतर त्या नागपूरच्या सुनेला. तिला तरी कुठं दही चारलंत तुम्ही?"

"उतरायला लागलं म्हणायचं," आक्काताई पुटपुटल्या.

"हो," मंदा म्हणाली. "उतरतंय. हलकं वाटतंय."

सतराव्या दिवशी जुईली सबनीस स्वतः पुण्याहून आली. पुडीतला जंतू पिढ्यान्‌पिढ्या वाढवून अशक्त व्हायचा. म्हणून दर तीन महिन्यांनी संस्थेचा माणूस गार डबा घेऊन यायचा आणि मूळच्या गाडग्यातलं दही घेऊन जायचा. या वेळी तो आला तेव्हा आक्काताई एका सत्काराला गेल्या होत्या, शाल घ्यायला.

"आक्का, या वेळच्या डब्यात आपला जंतूच नाही. एकसुद्धा नाही. साधं दही आहे, कुठल्याही घरात लागतं तसलं. डबा कुणी भरला?"

मंदा भाजी आणायला बाहेर गेली होती. आक्काताईंना आठवलं, त्या दुपारी मोठ्या गाडग्यात विरजणापुरतंच दही उरलं होतं. मंदानं लहानातलं दिलं असणार. तिला काय ठाऊक?

"शेजारणीचं आसंल," आक्काताई म्हणाल्या. "दुसरं देती तुला."

हे दुसरं खोटं पहिल्याहून सोपं गेलं.

त्यांनी मोठ्या गाडग्यातून डबा भरला. मग कधी नव्हे ते हलक्या आवाजात विचारलं, "पोरी, ज्यानं हे कधीच खाल्लं न्हाई, ते माणूस परक्याचं करंल का? वर्सानुवर्सं?"

जुईलीनं चष्मा काढून पुसला. "खरं सांगू? रक्त देणाऱ्यांत तिघांमागं एक असा होता, ज्यानं तुमचं दही कधी तोंडाला लावलं नव्हतं. मी एकेकाला भेटले. त्यांना आधी कुणीतरी काहीतरी दिलं होतं. कुणी घोटभर पाणी, कुणी चादर, कुणी नुसतं ऐकून घेतलेलं. जंतू नाही, रस नाही, काही नाही; आणि तरी एकाकडून दुसऱ्याकडं गेलं होतं. मला ते अजून समजावता येत नाही. मी अहवालात एक पान लिहिलं होतं. कंपनीनं काढून टाकलं."

"का?"

"पुडीत भरता येत नाही ना, आक्का."

ती गेली. आक्काताई लहान गाडग्यापुढं बसून राहिल्या. म्हणजे मंदाच्या पोटात काही नव्हतंच. चौदा वर्षं चोळलेलं तेल, दम्याच्या दिवसांत पाठीशी लावलेल्या उश्या, रिकामी परत पाठवलेली रिक्षा, सगळं तिचं स्वतःचं. आणि हे सतरा दिवस? उतरायला काही नव्हतं, तरी उतरत होतं. आत साठलेल्या रागाला कुणीतरी परवानगी दिली होती, एवढंच.

सांगितलं तर मंदा थांबेल. आक्काताईंना खात्री होती. पण सांगायचं म्हणजे दोन गाडगी सांगायची. दोन गाडगी सांगायची म्हणजे वाटी सांगायची. वाटी सांगायची म्हणजे तो थांबलेला हात सांगायचा. फळीवरच्या पुडीवरचं कुंकू लावलेलं तोंड त्यांच्याकडं बघत होतं, ओठ जरासे हललेले.

अठरावा दिवस गेला. एकोणिसावा गेला. विसाव्या दिवशी दुपारची पंगत उठल्यावर वर खोलीत बॅगेची चेन ओढल्याचा आवाज आला, आणि आक्काताई एकेक पायरी मोजत जिना चढल्या. कपाट उघडलं. वाटी काढून मंदाच्या पुढ्यात ठेवली.

"हे काय?"

"वाटी."

"ते दिसतंय." मंदानं ती उचलली, उजेडाकडं केली. "काशव्वा कोण?"

आक्काताईंनी सांगितलं. बंद, तडकलेलं गाडगं, चाळीस पानं. कुठल्या गं तुम्ही. थांबलेला हातसुद्धा सांगितला. आयुष्यात पहिल्यांदा त्या एवढं लांब बोलल्या आणि मध्ये कुणाला शिवी दिली नाही.

"म्हणजे खानावळीचं वेगळं आणि आपलं वेगळं," मंदा सावकाश म्हणाली.

"व्हय."

"म्हणजे मी ते कधी खाल्लंच नाही."

"एक चमचा न्हाई. तुझ्या अंगात कायबी नव्हतं, मंदा. सगळं तुझंच हुतं."

आक्काताईंना वाटलं, आता पोरगी रडेल. मग आपण म्हणू, रडतीस कशाला भवाने, चहा टाक. मग सगळं जागेवर येईल.

मंदा रडली नाही. वाटी हातात फिरवत राहिली. "आणि हे वीस दिवस?"

"ते बी तुझंच."

"आत्या, मला दह्याचं बरं वाटलं होतं. वाटलं होतं, चला, आपण काही खुळे नव्हतो. आपल्याला चारलं होतं, म्हणून आपण सोसलं. आता तेही गेलं." मग तिनं मान वर केली. "डॉक्टरबाईंना सांगणार?"

आक्काताईंनी कपाटातली साडीची घडी सारखी केली.

"पुडीवरचं नाव बदलायला सांगणार? काशव्वाचं घालायला?"

"आता गावोगाव गेलीया ती पुडी. लोकांना काय करायचंय कुणाचं…"

"म्हणजे नाही."

"तुला सांगितलं की!"

"मला थांबवायला सांगितलंत. तिच्यासाठी नाही सांगितलंत." मंदाचा आवाज चढला नव्हता, म्हणून तो जास्त लागला. "मी दही सोडलं नसतं तर ही वाटी त्या साडीखालीच राहिली असती. चौदा वर्षांत एकदा म्हणाला असतात ना, मंदा, बरं केलंस, तर मी त्या दह्याकडं वळूनसुद्धा बघितलं नसतं. कुठून आलं, कशानं आलं, मला काय करायचं होतं?"

आता म्हणायचं होतं. आता, या क्षणी. तो शब्द आक्काताईंच्या गळ्यापर्यंत आला. त्यांनी घसा साफ केला.

"जिन्याची पायरी हालतीया," त्या म्हणाल्या. "बघून उतर."

दुसऱ्या दिवशी सकाळी मंदानं मोठ्या गाडग्यातलं दही काढलं, काशव्वाच्या वाटीत काठोकाठ भरलं, वर केळीचं पान लावून फडक्यात बांधलं. एका हातात बॅग, एका हातात ते गाठोडं.

"जतला जाते आधी. बाई असेल तर तिला देईन, नसेल तर तिच्या माणसांना. सगळं सांगून देईन. तिथून कोल्हापूर."

आक्काताई उंबऱ्यात उभ्या होत्या. दाराला धरून, कारण गुडघा साथ देत नव्हता. त्यांनी खूप काही जुळवलं होतं, पहाटेपासून जुळवत होत्या.

"उन्हाचं जाऊ नको," त्या म्हणाल्या. "दही नासंल."

मंदा हसली. वीस दिवसांत पहिल्यांदा, पूर्वीसारखी. आणि गेली.

दुपारी पंगत बसली. अठ्ठावीस पानं आणि वाढायला एकट्या आक्काताई. भाकरी पोचली तर आमटी राहायची, आमटी पोचली तर पाणी. तिसऱ्या फेरीला गुडघ्यानं जागा सोडली आणि त्या भिंतीला टेकून बाकावर बसल्या.

कोपऱ्यातल्या पानावरची एक बाई उठली. अथणीकडची असावी, हिरव्या खणाची चोळी, मनगटाला दवाखान्याची चिठ्ठी बांधलेली. स्वतःच्या भाकरीचा तुकडा मोडलासुद्धा नव्हता तिनं. तिनं कोनाड्यातला पाण्याचा तांब्या उचलला आणि काही न बोलता एकेकाच्या पेल्यात पाणी ओतू लागली. ओतता ओतता एका म्हाताऱ्याच्या ताटातली सांडलेली आमटी पदरानं टिपली, तो तिचा कुणी लागत असल्यासारखी.

आक्काताई बघत होत्या. आणि तोंडातून निघालंच.

"खाल्लंस का गं?"

"काय, आक्का?"

"विरजण. पुडीचं. खाऊन आलीस?"

बाईचा हात थांबला. पंगतीतल्या दोघांनी वर बघितलं, तिच्याकडं, मग एकमेकांकडं, आणि एक जण गालात हसला.

"न्हाई," बाई म्हणाली. "आत्ताच उतरलोय आमी. दवाखान्यात पोरगं हाय. अजून च्या पन न्हाई घेतला."

तिनं तांब्या जिथून उचलला होता तिथं नेऊन ठेवला, अगदी त्याच जागी, आवाज न करता. मग आपल्या पानावर जाऊन बसली आणि मान खाली घालून भाकरी मोडू लागली.

तिघांचे पेले अजून रिकामे होते. आक्काताईंनी भिंतीला हात लावला आणि उठायला लागल्या.